योम किप्पूरच्या आधीचं काम: माफी, निवाडा आणि मदत, पायरीपायरीने

योम किप्पूरचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास धरला, पांढरे कपडे घालून दिवसभर सिनेगॉगमध्ये बसलं, की वर्षाचा हिशेब मिटला, अशी नव्याने सुरुवात करणाऱ्या पुष्कळांची समजूत असते. मिश्नाने, म्हणजे यहुदी नियमांच्या जुन्या संहितेने, ती सुमारे १८०० वर्षांपूर्वीच खोडून काढली आहे. ‘योमा’ या भागाच्या शेवटी नियम दिलाय: माणूस आणि देव यांच्यामधल्या अपराधांचं प्रायश्चित्त योम किप्पूरला होतं, माणूस आणि माणूस यांच्यामधल्या अपराधांचं मात्र समोरच्याची समजूत घातल्याशिवाय होत नाही. म्हणजे उपासाच्या आधी घरात, दुकानात, ऑफिसात उरकायचं बरंच काम असतं. सिनेगॉगमध्ये कुठलं पान उघडायचं ते शेजारी बसलेला दाखवतो. भावाचे पैसे बुडवून उपास धरला तर काय, हे तो सांगत नाही.

हा लेख त्या आधीच्या कामाबद्दल आहे. लहानपणी आईवडिलांबरोबर सिनेगॉगला गेलेले पण स्वतः हे कधी न केलेले, यहुदी घरात लग्न होऊन आलेले, किंवा ही परंपरा मुळातून समजून घेऊ पाहणारे, अशा सगळ्यांना तो चालेल. तीन गोष्टी यात एकत्र येतात: तेशुवा, म्हणजे चुकीपासून मागे फिरणं, गमिलुत हसादीम, म्हणजे दुसऱ्यासाठी झटणं, आणि दुसऱ्याचा निवाडा करताना पारडं त्याच्या बाजूला झुकवणं. पुस्तकांत त्यांची प्रकरणं वेगळी असतात, करायला बसलं की एकीवाचून दुसरी पुढे सरकत नाही.

नियमांसाठी मुख्य आधार मिश्ना, तालमूद (मिश्नावरच्या चर्चांचा मोठा ग्रंथ) आणि रॅम्बम यांचा. रॅम्बम म्हणजे मोझेस मायमोनिडीस, १२व्या शतकात स्पेनमधल्या कॉर्दोबात जन्मलेले आणि पुढे कैरोजवळच्या फुस्तातमध्ये वैद्यकी केलेले पंडित. त्यांच्या संहितेत तेशुवावर दहा अध्याय आहेत. नवख्याने पहिले दोन वाचले तरी काम भागतं.

काय काय लागेल

- एक साधी वही. फोनमध्ये नोंदी नकोत. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि सणाच्या दिवशी फोन हाताळत नाहीत, आणि यात दुसऱ्यांच्या भानगडी लिहिल्या जाणार आहेत. वही कुलपात ठेवा.
- यहुदी पंचांग, तुमच्या गावच्या सूर्यास्ताच्या वेळांसह.
- महझोर, म्हणजे सणाचं प्रार्थनापुस्तक. तुमच्या सिनेगॉगमध्ये चालतं तेच घ्या. बेने इस्राएल (कोकणातले मराठी यहुदी) आणि बगदादी सिनेगॉगमध्ये सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या यहुद्यांची, पद्धत आहे. अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या यहुद्यांचा) महझोर घेऊन गेलात तर दिवसभर पानं शोधत बसाल.
- वर्षभराची उसनवारी, पासबुक, यूपीआयच्या नोंदी.
- पैसे टाकायची डबी आणि थोडी रोकड.
- कॅनव्हासचे बूट किंवा रबरी चपला. योम किप्पूरला चामड्याचं पायताण चालत नाही.
- सिनेगॉगला नवीन असाल तर ओळखपत्र. सुरक्षेसाठी ते विचारलं जातं. आधी हज्जन (प्रार्थना चालवणारा) किंवा कार्यालयाशी बोलून ठेवा. सणाच्या दिवशी दारात उभं राहून हे सोडवता येत नाही.

## १. तारखा आधी मांडा

यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. २०२६ साली एलूल, म्हणजे नव्या वर्षाच्या आधीच्या महिन्याचा, पहिला दिवस १४ ऑगस्टला येतो. रोश हशाना, म्हणजे ५७८७ या वर्षाची सुरुवात, ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी. योम किप्पूर २० सप्टेंबरच्या सूर्यास्तापासून २१ च्या रात्रीपर्यंत. रोश हशाना ते योम किप्पूर हे तेशुवाचे दहा दिवस. एलूल धरला तर साधारण चाळीस.

तिश्री, म्हणजे रोश हशानाचा महिना, अमावास्येच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे योम किप्पूर शुद्ध दशमीच्या जवळपास येतो. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी तो बरोबर दसऱ्याच्या दिवशी होता. दोन्ही पंचांगांचे अधिक महिने एकत्र पडत नाहीत, म्हणून २०२६ मध्ये तो भाद्रपदातच येतोय. दसऱ्याच्या अंदाजाने रजा टाकू नका.

कोकणातल्या बेने इस्राएलांनी या दिवसांना आपली नावं दिली होती. एलूल म्हणजे रमजान, रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, त्यानंतरचा गदल्याचा उपास म्हणजे नव्याचा रोजा, योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा सण आणि त्याचा दुसरा दिवस म्हणजे शिळा सण. घरातली वडीलधारी माणसं अजून ही नावं घेत असतील तर कोणता दिवस म्हणतायत ते कळेल.

कामाची वाटणी साधारण अशी ठेवा: एलूलचा पहिला पंधरवडा यादीला, दुसरा पैशांच्या परतफेडीला, रोश हशानाच्या आधीचा आठवडा आणि दहा दिवस माणसांना भेटायला. सेफार्दी पद्धतीत एलूलभर पहाटे सेलिहोत, म्हणजे क्षमेच्या प्रार्थना, असतात. यादीचं काम त्यानंतर लगेच केलं तर बरं होतं. रात्री दमल्यावर माणूस स्वतःला फार लवकर सोडून देतो.

## २. यादी: दोन रकाने

डावीकडे: मी कुणाचं काय बिघडवलं. उजवीकडे: माझं कुणी काय बिघडवलं.

डावीकडे नाव, कृत्य आणि शक्य तर महिना लिहा. ‘आईशी नीट वागलो नाही’ ही नोंद निरुपयोगी. ‘मार्चमध्ये डॉक्टरकडे नेतो म्हणालो आणि दोनदा टाळलं’ ही नोंद कामाची, कारण तिच्यावर काही करता येतं.

पैसा सगळ्यांना आठवतो. शब्द आठवत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं पान ठेवा. शब्दांनी केलेला अन्याय मिश्नाने खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीच्या शेजारी बसवला आहे आणि उदाहरणं दिली आहेत: घ्यायचं नसताना दुकानदाराला भाव विचारणं, सुधारलेल्या माणसाला त्याचे जुने दिवस आठवून देणं, धर्मात नव्याने आलेल्यांच्या मुलाला त्याच्या पूर्वजांवरून टोचणं. तालमूद पुढे म्हणतं की पैशाची फसवणूक भरून देता येते, शब्दांची नाही. चारचौघांत एखाद्याचा चेहरा पांढरा पाडणं हे रक्त सांडण्यासारखं, असंही तिथेच आहे.

उजवा रकाना डाव्यापेक्षा लांब होईल. होऊ द्या, पाचव्या पायरीपर्यंत त्याला हात लावू नका.

## ३. आधी परतफेड, मग माफी

रॅम्बम स्पष्ट लिहितात: ज्याचं देणं आहे ते दिल्याशिवाय माफी होत नाही, आणि नुसतं देऊनही होत नाही, समजूतही घालावी लागते. क्रम असाच ठेवा. पैसे न फेडता माफी मागायला गेलात तर समोरच्याला एकाच वेळी तुमचं मनही राखावं लागतं आणि आपले पैसेही सोडावे लागतात.

मूळ वस्तू परत करता येत नसेल तर? चोरलेली तुळई घरात बसवली असेल तर घर पाडून ती काढून द्यावी, असं शम्माय या जुन्या पंडिताच्या शिष्यांचं मत होतं. त्याच्याच काळच्या हिल्लेलच्या शिष्यांनी किंमत दिली तरी पुरे म्हटलं, नाहीतर सुधारू पाहणारा माणूस घराकडे बघून विचारच सोडून देईल. नियम हिल्लेलच्या बाजूने लागला. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा, पण तारखांसह आणि कागदावर.

माणूस दूर गेला असेल तरी देणं संपत नाही. खोटी शपथ घेऊन एक पै लुबाडली असली तरी ती घेऊन त्याच्या मागे मेदियापर्यंत (आजच्या इराणमध्ये) जावं, असं मिश्ना म्हणते. तो वारला असेल तर वारसांना द्या. वारस ठाऊक नसतील तर रक्कम धर्मन्यायालयाकडे ठेवायची. तुमच्या जवळ ते नसेल तर हज्जनला विचारा.

कुणाकुणाचं घेतलं हेच ठाऊक नसेल, उदाहरणार्थ वर्षानुवर्षं वजनात मारलं असेल, तर तालमूदचा तोडगा असा की त्या पैशातून सगळ्यांच्या उपयोगाचं काम करावं; तिथे विहिरी आणि पाण्याचे खड्डे सांगितले आहेत. फसलेल्यांपैकी काही जण तरी ते पाणी पितील. हा मार्ग फक्त अनोळखी लोकांच्या देण्यासाठी आहे. नाव-पत्ता ठाऊक असताना त्याचे पैसे सिनेगॉगच्या पेटीत टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दान.

एक सापळा खास आपल्याकडचा. उशिरा पैसे फेडताना वर मिठाईचा पुडा न्यायची आपली सवय. यहुद्यांमध्ये आपसात व्याज निषिद्ध आहे, आणि ‘तुमचे पैसे इतके दिवस माझ्याकडे पडून राहिले म्हणून’ दिलेली भेट मिश्ना व्याजातच धरते. देणेकरी-घेणेकरी दोघेही यहुदी असतील तर मुद्दल द्या, आभार माना आणि पुडा घरी ठेवा.

## ४. माफी मागणं

बहुतेकांचं अडतं ते इथे.

पहिल्यांदा स्वतः जा. मध्यस्थ लागला तर नंतर. रागाच्या भरात असलेल्याची समजूत घालायला जाऊ नये, असं ‘पिर्के अवोत’ या मिश्नातल्या सुवचनांच्या भागात आहे. भांडणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभं राहण्यात अर्थ नसतो. प्रवास शक्य नसेल तर फोन चालेल.

बोलायचं थोडकं: काय केलं, ते चूक होतं, पुन्हा करणार नाही, माफ कर. उदाहरणार्थ: ‘साखरपुड्यात सगळ्यांसमोर मी तुझ्या नोकरीची थट्टा केली. ते चुकलं माझं. पुन्हा कधी करणार नाही. मला माफ कर.’ यानंतर गप्प बसा. समोरचा बोलेल, कदाचित चिडेल. त्याला मध्येच दुरुस्त करू नका.

सहसा बिघडतं ते असं:

‘काही चुकलं असेल तर माफ करा’ हा मजकूर एकाच वेळी दीडशे जणांना व्हॉट्सॲपवर जातो. त्यातून एकाही माणसाला कळत नाही की तुम्हाला नेमकं काय आठवतंय. जिथे काही घडलेलंच नाही तिथे तो पाठवायला हरकत नाही. यादीतल्या नावांसाठी तो बाद.

कारणं सांगणं. ‘मी तेव्हा फार ताणात होतो’ हे खरं असेलही, पण तुमच्या बाजूचं पारडं झुकवणं हे समोरच्याचं काम. ते तुम्हीच केलंत तर त्याला करायला काही उरत नाही.

बेने इस्राएलांत प्रार्थनेनंतर हातबोशी होते: हात पुढे करायचे, एकमेकांचे हात हातांत घ्यायचे आणि मग बोटं ओठांना लावायची. रीत सुंदर आहे. तीत माफी मागून झाली असं मात्र समजू नका.

नकार मिळाला तर रॅम्बम सांगतात, तीन मित्रांना बरोबर घेऊन जा. तरी नाही म्हटलं तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. त्यानंतर सोडून द्या. आता भार माफी न देणाऱ्यावर आहे. ज्याच्याकडून तुम्ही धर्म शिकलात त्या गुरूचा अपवाद: त्याच्याकडे हजारदा जावं लागलं तरी जायचं. मित्र निवडताना वकिली करणारे नकोत, शांत बसणारे न्या.

माणूस वारला असेल तर दहा जणांना घेऊन कबरीशी जायचं आणि त्यांच्यासमोर म्हणायचं: ‘मी इस्राएलच्या देवाचा आणि या माणसाचा अपराध केला, मी असं असं केलं.’ कबर परगावी असेल तर तिथल्या कुणाला आपल्या वतीने दहा जण जमवायला सांगण्याची रीत आहे.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. तुम्ही एखाद्याबद्दल मागे वाईट बोललात आणि त्याला ते ठाऊकच नाही. त्याला जाऊन सांगायचं का? हाफेत्झ हाईम म्हणून ओळखले जाणारे रादीनचे इस्राएल मेइर कागान (मृत्यू १९३३) यांचा निर्णय असा की बोलण्याने त्याचं नुकसान झालं असेल तर माफी मागावीच लागते. इस्राएल सालांटर (मृत्यू १८८३) यांचं उलट मत सांगितलं जातं: ज्याला कळलंच नव्हतं त्याला आपल्या शांतीसाठी नव्याने दुखवण्याचा अधिकार तुम्हाला नाही. व्यवहारात करता येण्यासारखं असं: ज्यांच्यापुढे बोललात त्यांच्याकडे जाऊन आपलं बोलणं मागे घ्या; नुकसान झालं असेल, कुणाची नोकरी किंवा सोयरीक अडली असेल, तर ते आधी भरून काढा; आणि त्या माणसाला सांगायचं की नाही हे एखाद्या जाणत्याला, नाव न घेता, विचारून ठरवा. माझा कल सालांटर यांच्याकडे आहे, पण तो सोयीचा वाटतो म्हणून निवडू नका.

## ५. उजवा रकाना: दुसऱ्याचा निवाडा

आता दुसऱ्यांनी तुमचं काय केलं त्या नोंदी काढा. ‘पिर्के अवोत’ च्या पहिल्या अध्यायात यहोशुआ बेन पेरह्या म्हणतात: स्वतःसाठी गुरू कर, मित्र मिळव आणि प्रत्येक माणसाचा निवाडा त्याच्या बाजूने कर. पुढच्या अध्यायात हिल्लेल: दुसऱ्याच्या जागी पोचेपर्यंत त्याचा निवाडा करू नकोस.

हे करायचं कसं, याचा नमुना तालमूदच्या ‘शब्बाथ’ या ग्रंथात आहे. वरच्या गालीलातला एक मजूर दक्षिणेतल्या एका मालकाकडे तीन वर्षं राबला. योम किप्पूरच्या आदल्या दिवशी त्याने मजुरी मागितली, घरी बायकामुलं वाट बघत होती. मालक म्हणाला, पैसे नाहीत. धान्य-फळं दे. नाहीत. जमीन दे. नाही. गुरं? नाहीत. गाद्या-उशा? त्याही नाहीत. मजूर बोचकं पाठीला मारून रिकाम्या हाती घरी गेला. सण संपल्यावर मालक मजुरी आणि तीन गाढवांवर खाणंपिणं लादून त्याच्या दारी आला आणि विचारलं, मी नाही नाही म्हणत होतो तेव्हा तुला काय वाटलं? मजुराने एकेक उत्तर दिलं: पैसे नाहीत म्हणालात, तेव्हा वाटलं स्वस्तात माल मिळाला असेल, त्यात गुंतले. गुरं भाड्याने दिली असतील. जमीन खंडाने दिली असेल. फळांचा दशमांश काढायचा राहिला असेल. गाद्या-उशा? सगळीच मालमत्ता देवाला वाहिली असेल. मालक म्हणाला, अगदी तसंच होतं. मुलगा धर्माभ्यास करेना म्हणून मी नवस बोलून सगळं वाहून टाकलं होतं, नंतर पंडितांनी मला त्यातून सोडवलं.

मजुराने ‘मालक चांगला माणूस आहे’ असं मोघम म्हणून सोडलं नाही. प्रत्येक नकारासाठी वेगळं आणि घडू शकेल असं कारण शोधलं. तुम्हीही तेच करा: उजव्या रकान्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे दोन-तीन शक्य कारणं लिहा. मामाने लग्नाला बोलावलं नाही: हॉल लहान होता; यादी मामीच्या माहेरच्यांनी केली; पत्रिका जुन्या पत्त्यावर गेली. कुठलं खरं, ते शोधायला जाऊ नका. बऱ्याच नोंदी एवढ्यावर खोडल्या जातात. काही उरतात.

उरलेल्यांसाठी माणूस कोण ते बघावं लागतं. मिश्नावरील भाष्यात रॅम्बम फरक करतात. जो सज्जन म्हणून माहीत आहे, त्याचं कृत्य वाईट दिसलं तरी लांबचा का होईना, चांगला अर्थ लावा. ज्याला तुम्ही ओळखत नाही आणि कृत्याचे दोन्ही अर्थ निघतात, तिथे चांगला अर्थ घ्या. जो वारंवार लबाडी करताना सापडला आहे, त्याच्या चांगल्या दिसणाऱ्या कृत्यालाही जपून राहा. निवाडा बाजूने करणं म्हणजे डोळे मिटणं, असा अर्थ कुणीही जाणकार लावत नाही.

आणि याची आठवण ठेवायला या दहा दिवसांतच एक उपास आहे. बाबेलच्या राजाने यहूदावर नेमलेल्या गदल्या बिन अहीकामला योहानान बिन कारेहने सांगितलं होतं की इश्माएल बिन नथन्या तुला मारायला येतोय. गदल्याने त्यावर विश्वास ठेवला नाही. तो मारला गेला, त्याच्याबरोबरचे पुष्कळ जण मारले गेले आणि उरलेले लोक मिसरात पळाले. रोश हशानाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सण संपला की पहाटेपासून पाळतात तो नव्याचा रोजा त्याचाच. तालमूद त्यावर म्हणतं: चहाडी खरी मानू नये, पण सावध राहावं. गदल्याने पहिलं केलं, दुसरं केलं नाही.

म्हणून मनातला निवाडा आणि हातातला व्यवहार वेगळे ठेवा. उधार देताना कागद करा, मुलांना कुणाच्या स्वाधीन करताना चौकशी करा, भागीदाराचा हिशेब तपासा. तालमूदने तर त्सेदाका, म्हणजे दानाचा पैसा, गोळा करणाऱ्या दोघांनी वाटेत एकमेकांना सोडून जाऊ नये असं सांगितलंय, म्हणजे संशयाला जागाच राहत नाही. तुमच्याकडे सोसायटीचा किंवा मंडळाचा पैसा असेल तर हा नियम आधी तुम्हाला लागू. घरात मारहाण किंवा लुबाडणूक चालू असेल तर तिथे कारणं शोधत बसायचं नसतं; शेजाऱ्याच्या रक्ताशेजारी स्वस्थ उभं राहू नये, ही लेवीय ग्रंथाच्या १९व्या अध्यायातलीच आज्ञा आहे.

अर्थ लागत नसेल आणि सल जात नसेल, तर जाऊन विचारा. मनात वैर धरू नको, तोंडावर सांग, असं तोच अध्याय म्हणतो. एकांतात, हळू आवाजात. समोरच्याचा चेहरा पडेल असं बोलू नका.

तुमचाच संशय खोटा ठरला तर? याजक एलीने ओठ हलवत प्रार्थना करणाऱ्या हन्नाला दारुडी समजून झापलं, आणि चूक कळल्यावर तिला आशीर्वाद दिला. त्यावरून तालमूदने नियमच केला: खोटा संशय घेतला असेल तर समजूत घाला आणि वर आशीर्वादही द्या. हन्नाची कथा रोश हशानाच्या पहिल्या दिवशी वाचली जाते. असे संशय डाव्या रकान्यात घाला.

## ६. कुणी तुमची माफी मागायला आलं तर

माफ करा, आणि लवकर. माफी न देणाऱ्याला मिश्ना निर्दय म्हणते आणि आपली बायको पळवणाऱ्या अबीमलेख राजासाठी प्रार्थना करणाऱ्या अब्राहामाचा दाखला देते. मात्र दोन सूट आहेत: खोटी बदनामी केली असेल तर लगेच माफ करण्याची सक्ती नाही, कारण ते बोलणं ऐकलेल्यांपर्यंत तुमची माफी पोचत नाही, आणि थांबण्याने मागणाऱ्याचंच भलं होणार असेल तर थोडं थांबता येतं. दुसरी सूट फार जण स्वतःच्या सोयीने वापरतात.

## ७. मदत: किती, कशी

पैशाचं माप ठरलेलं आहे: उत्पन्नाचा पाचवा भाग उत्तम, दहावा मध्यम. पाचव्यापेक्षा जास्त वाटून टाकू नका. नाहीतर उद्या तुम्हीच हात पसराल. हाताने करायच्या मदतीला माप नाही.

रॅम्बम यांनी दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सर्वांत खाली कुरकुरत दिलेलं. त्यावर हसून दिलेलं पण कमी. मग मागितल्यावर, न मागता. वर जाताना देणारा-घेणारा एकमेकांना न ओळखणारे. आणि सर्वांत वर, माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन मागायची वेळच येऊ न देणं. ही शेवटची पायरी धरा. बिनव्याजी उसने द्या, पण साक्षीदार किंवा लेखी कागदासह. तालमूद त्याशिवाय कर्ज देऊच नये म्हणतं. आणि त्याच्याकडे फेडायला पैसे नाहीत हे ठाऊक असताना उगाच त्याच्या दारावरून जाऊ नका.

आजाऱ्याला भेटायला जवळच्यांनी लगेच जावं, बाकीच्यांनी तीन दिवसांनी. सकाळचे पहिले तीन तास आणि दिवसाचे शेवटचे तीन तास टाळा: सकाळी रोगी बरा दिसतो आणि तुम्ही प्रार्थना करायचं विसरता, संध्याकाळी तो खचलेला दिसतो आणि तुम्ही आशा सोडता. रब्बी अकीवा आजारी शिष्याकडे गेले तेव्हा त्याची खोली झाडून, पाणी शिंपडून घेण्यात आली आणि तो उठून बसला. शहाळं घेऊन जाऊन गप्पा मारण्यापेक्षा भांडी घासून येणं कधीही चांगलं.

दुःखाच्या घरी सात दिवस बसायला जातात. तिथे आधी बोलू नका. ज्यांचं गेलं त्यांना सुरुवात करू द्या. दफनानंतरचं पहिलं जेवण घरच्यांनी स्वतःचं खायचं नसतं, ते शेजाऱ्यांनी न्यायचं. उकडलेली अंडी आणि मसूर नेतात.

## ८. आदला दिवस, विदुय आणि उपास

आदल्या दिवशी जेवणं हे धर्मकृत्यच आहे, उपाशी राहून तयारी करू नका. खारट, तळलेलं टाळा. चहाची सवय असेल तर तीन-चार दिवस आधीपासून कप कमी करत आणा. योम किप्पूरच्या दुपारची डोकेदुखी बहुतेक वेळा चहाचीच असते. उपास सुमारे २५ तासांचा, पाण्याशिवाय. गरोदर असाल, मधुमेह असेल, गोळ्या चालू असतील तर डॉक्टर आणि हज्जन दोघांनाही आधी विचारा. जिवाला धोका असेल तर खाणं हाच धर्म आहे. तेव्हा हट्टाने उपास करणं पुण्याचं नाही.

विदुय म्हणजे कबुली. रॅम्बमचा साचा: ‘हे देवा, मी पाप केलं, वाकडं वागलो, बंड केलं, मी असं असं केलं, मला पस्तावा होतोय, माझ्या कृत्यांची लाज वाटते, मी याकडे पुन्हा कधी वळणार नाही.’ महझोरमधली कबुली अनेकवचनी आहे, ‘आम्ही’ म्हणत, मुठीने छातीवर हळू ठोकत म्हणतात. ‘असं असं’ च्या जागी डाव्या रकान्यातलं एकेक मनात घ्या. वही सोबत नसते, म्हणून आदल्या दिवशी ती एकदा वाचून ठेवा. पुन्हा न करण्याचा निश्चय नसताना कबुली देणारा, रॅम्बम म्हणतात, हातात मेलेला सरडा धरून शुद्धिस्नानाला उतरलेल्या माणसासारखा आहे.

संध्याकाळच्या कोल निद्रेबद्दल, म्हणजे योम किप्पूरच्या सुरुवातीला म्हणतात त्या नवसमुक्तीच्या पाठाबद्दल, एक गैरसमज फार आहे. त्याने सुटतात ते देवापुढे बोललेले नवस-शपथा. दुसऱ्याला दिलेला शब्द आणि घेतलेलं कर्ज जसंच्या तसं राहतं.

## ९. शिळ्या सणापासून पुढे

उपासाच्या दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, बेने इस्राएल गरिबांना दान देत आणि एकमेकांकडे भेटीला जात. डबीतली रोकड त्या दिवशी बाहेर काढा.

तेशुवा पुरी झाली की नाही हे कळायला वेळ लागतो. रॅम्बम यांची कसोटी: तीच संधी, तोच माणूस, तशीच ताकद असताना तुम्ही ते केलं नाही, आणि भीतीने किंवा अंगात बळ नाही म्हणून नव्हे. थट्टा करायची सवय असेल तर पुढचा साखरपुडा ही परीक्षा. पुन्हा घसरलात तर पुन्हा पहिल्या पायरीपासून. फक्त ‘आत्ता करतो, योम किप्पूरला बघू’ असं ठरवून केलेल्याचं प्रायश्चित्त योम किप्पूरला होत नाही, असं मिश्ना म्हणते.

राहिलेल्या भेटींसाठी होशाना रब्बापर्यंत (पुढच्या सुक्कोत सणाचा सातवा दिवस), म्हणजे २०२६ मध्ये २ ऑक्टोबरपर्यंत, वेळ घ्या. निवाड्यावरची शेवटची मोहोर परंपरेने त्या दिवशी धरतात. मग उजवा रकाना फाडून टाका, डाव्यातल्या मिटलेल्या नोंदी खोडा, आणि हप्त्याने फेडायची देणी नव्या वर्षाच्या पंचांगात तारखेवार लिहून ठेवा.